व्याजाचा नियम वेगळा, नोंदीचे काम वेगळे

सहकारी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे वळते करण्याचा मूळ नियम मोजक्या ओळींत मावतो. पण अधिकार तपासणे, अर्धवट व्यवहार मागे घेणे, कोणी काय केले याची नोंद ठेवणे ही कामे त्याभोवती दाटतात आणि ठेव, कर्ज, लॉकर अशा प्रत्येक विभागात पुन्हा लिहिली जातात. एका जागी नोंद राहून गेली, तर ती उणीव कदाचित लेखापरीक्षणातच उघड होते. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील ग्रेगॉर किझालेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेले अ‍ॅस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग अशी कामे एकदाच, ‘अ‍ॅस्पेक्ट’ नावाच्या वेगळ्या जागी लिहू देते. ती कुठे लागू व्हावीत हेही तिथेच ठरते.

यावरचा आक्षेप खरा आहे: समोरच्या कोडमध्ये न दिसणारे काहीतरी चालते आणि चूक शोधणे अवघड होते. जावातील स्प्रिंग या फ्रेमवर्कच्या नेहमीच्या प्रॉक्सी पद्धतीत तर एका क्लासमधील मेथडने त्याच क्लासमधली दुसरी मेथड बोलावली, की अ‍ॅस्पेक्ट लागूच होत नाही. पण हा आक्षेप वापराची मर्यादा दाखवतो, तंत्र मोडीत काढत नाही. नोंद, अधिकार, व्यवहार-नियंत्रण अ‍ॅस्पेक्टमध्ये ठेवावे. व्याज आकारणीचा नियम उघड्या कोडमध्येच हवा. सांगलीतील विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्यांनी पहिल्या प्रकल्पापासूनच ही सीमा आखून घ्यावी.