गूळ-चुन्याचं गॉथिक

सिंगापूरच्या नोव्हेना भागाला त्याचं नाव एका चर्चमुळे मिळालं. थॉमसन रोडवरचं ते सेंट अल्फॉन्सस चर्च कॅथलिकांचं. शहरातल्या अँग्लिकनांचं मूळ देऊळ पाहायचं तर नोव्हेनाहून मेट्रोच्या लाल मार्गिकेने दक्षिणेला जायचं आणि पाचव्या स्थानकावर, सिटी हॉलला उतरायचं. बाहेर पडताच हिरवळीवर, जुन्या झाडांच्या गराड्यात पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल दिसतं. निमुळता मनोरा, टोकदार कमानी, उंच अरुंद खिडक्या. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातून उचलून आणावं असं त्याचं रूप. पण त्याच्या भिंतींना हात लावून कुळी विचारली, तर उत्तर भारतातून येतं.

ही जागा चर्चसाठी १८२३ साली खुद्द सिंगापूरचा संस्थापक रॅफल्सने निवडली. पहिली इमारत मात्र तेरा वर्षांनी उभी राहिली. आराखडा जॉर्ज कोलमनचा, पैशांचा मोठा वाटा स्कॉटिश व्यापाऱ्यांचा. म्हणून नावही स्कॉटलंडच्या संताचं, अँड्र्यूचं. सिंगापूर तेव्हा कलकत्त्याच्या धर्मप्रांतात मोडत होतं, त्यामुळे १८३८ साली तिच्या प्रतिष्ठापनेला कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन आले. पुढे १८४२ मध्ये तिच्यावर मनोरा चढवला आणि पीडा सुरू झाली. १८४५ आणि १८४९ अशी दोनदा त्यावर वीज पडली. इमारत धोक्याची ठरून १८५२ मध्ये बंद झाली. चर्चमध्ये भुतं आहेत, त्यांना शांत करायला माणसांची मुंडकी हवीत, अशी अफवा गावभर पसरली. पुलाच्या पायात बळी देतात या आपल्याकडच्या बोलव्याची ही सख्खी बहीण. अखेर १८५५ मध्ये ते चर्च पाडलं.

नव्या चर्चचा आराखडा कॅप्टन रोनाल्ड मॅकफर्सनने केला. तो सरकारी अभियंता होता आणि त्याच वेळी कैद्यांचा अधीक्षकही. नकाशा काढणारा आणि बंदिवान सांभाळणारा माणूस एकच, या योगायोगातून ही वास्तू घडली.

अंदमानची वसाहत १८५८ साली सुरू झाली. त्याआधी कितीतरी वर्षं काळ्या पाण्याची एक वाट सिंगापूरला जात होती. १८२५ पासून बंगाल आणि मद्रासचे, पुढे मुंबई इलाख्याचेही कैदी इथे उतरत गेले. दलदल भरणं, रस्ते खोदणं ही त्यांची सुरुवातीची कामं. पण हळूहळू तुरुंग म्हणजे एक मोठा कारखानाच झाला. विटा पाडणारे, गवंडी, सुतार, लोहार तिथेच तयार होऊ लागले आणि नवं चर्चही त्यांच्याच हातांनी उभं राहिलं. कैद्यांवर पहारा करणारेही पुष्कळसे कैद्यांतूनच नेमलेले असत. मॅकफर्सननंतर काम हाती घेणाऱ्या मॅकनेअरने पुढे या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच ही गोष्ट आहे : ‘प्रिझनर्स देअर ओन वॉर्डर्स’.

४ मार्च १८५६ रोजी पायाचा दगड बसवायला विल्सनच पुन्हा आले, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी. हॅम्पशायरमधल्या नेटली मठाचे अवशेष मॅकफर्सनच्या डोळ्यांपुढे होते. त्याने निवडलेली शैली आरंभीच्या इंग्लिश गॉथिकची, म्हणजे कोरीवकाम कमी आणि उभ्या रेषा जास्त. त्या वेळी मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च पुरं होत आलं होतं. तिथे घडीव दगड हाताशी होता. इथे भिस्त विटांवर. विटांची भिंत पावसाळी, दमट हवेत टिकवायची आणि वर तिला दगडाचा डौल द्यायचा, हे काम गिलाव्यावर येऊन पडलं.

तो गिलावा मद्रासकडचा. त्याची कृती मॅकनेअरने नोंदवून ठेवली आहे. शिंपल्यांचा चुना घ्यायचा, त्यात वाळू नाही. अंड्याचा पांढरा बलक आणि गुळासारखी जाडी साखर एकत्र फेटून त्यात मिसळायची. नारळाच्या सोडणांचं भिजवण घालून हे सगळं कालवायचं. भिंतीवर चढवून वाळलं, की स्फटिकाने किंवा गुळगुळीत गोट्याने घोटत राहायचं, चकाकी येईपर्यंत. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यातही गूळ पडत असे आणि घोटाईवरच कारागिराची परीक्षा होई, त्यामुळे ही पाककृती मराठी वाचकाला परकी वाटणार नाही.

बांधकाम सरळ पार पडलं नाही. आराखड्यात भारी बुरूज होता. पण पाया खचण्याची चिन्हं दिसली, तेव्हा तो बेत सोडून हलका मनोरा चढवला. आज चर्चची ओळख ठरलेला तो सडसडीत आकार अशा तडजोडीतून आला. पहिली उपासना १ ऑक्टोबर १८६१ रोजी झाली. पुढच्या जानेवारीत कलकत्त्याचे नवे बिशप कॉटन यांनी प्रतिष्ठापना केली आणि १८७० मध्ये या पॅरिश चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. १९४२ साली जपानी फौजा शहरावर चालून आल्या, तेव्हा इथेच तातडीचं रुग्णालय थाटलं होतं. १९७३ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक ठरलं. आता इथे इंग्रजीबरोबर मंदारिन आणि इंडोनेशियन भाषेतही उपासना चालते.

वेदीमागच्या रंगीत काचांच्या तीन खिडक्या रॅफल्स, क्रॉफर्ड आणि बटरवर्थ या तीन कारभाऱ्यांच्या स्मृतीला वाहिल्या आहेत. मॅकफर्सनचा स्मृतिस्तंभ आवारात आहे, शिवाय एक रस्ता आणि मेट्रो स्थानकही त्याच्या नावाचं. ज्यांनी विटा भाजल्या, चुना घोटला, त्यांच्यासाठी मात्र एकही खिडकी नाही. कैद्यांची व्यवस्था १८७३ मध्ये बंद झाली. सुटलेल्यांपैकी अनेकांनी परतीची वाट धरली नाही आणि ते या शहरातच मिसळून गेले. म्हणून या वास्तूला नुसतं इंग्लिश गॉथिक म्हणून मोकळं होणं अर्धवट आहे. रेघ हॅम्पशायरची होती, पण ती उभी राहिली हिंदुस्थानी चुन्यावर आणि सक्तमजुरीच्या हातांवर. हेही लिहिलं गेलं, तरच या चर्चचा परिचय पुरा होईल.