मुद्दाम हरण्याचा पगार कोण देतं? एनबीएची लॉटरी आणि आपलं टार्गेट



या आठवड्याच्या व्हिडिओत इन्सेंटिव्हबद्दल बोलताना मी अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, म्हणजे एनबीएचं उदाहरण घाईघाईत देऊन टाकलं. पाच मिनिटांत ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय. बास्केटबॉल कळत नसेल तरी चालेल. हिशेब कळला की झालं.

एनबीएत ३० टीम, प्रत्येकीच्या सीझनला ८२ मॅच. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाच्या टीमला खालच्या लीगमध्ये पाठवतात, तसं इथे नाही. शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी दुकान त्याच चौकात, त्याच पाटीखाली. उलट वर बक्षीस मिळतं. नव्या खेळाडूंची दरवर्षी निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि वाईट खेळलेल्या टीमला त्यात वरचा नंबर मिळतो. हेतू चांगलाच आहे, कमजोर टीम उभी राहावी. आपल्या आयपीएलमध्ये अशी सोय नाही. २०२५ च्या मोठ्या लिलावात सगळ्यांना सारखीच १२० कोटींची मर्यादा होती, तळाच्या टीमला वेगळं काही नाही.

पण नुसता आधी निवडायचा हक्क मिळतो म्हणून कोणी अख्खा सीझन हरेल का? खरी गोम पगारात आहे.

एनबीएत टीमने खेळाडूंवर एकूण किती खर्च करायचा याला मर्यादा आहे, सॅलरी कॅप. १९८४-८५ ला ती ३६ लाख डॉलर होती, २०२४-२५ ला १४ कोटी डॉलरच्या वर गेली. मर्यादा थोडी सैल आहे. आपलाच जुना खेळाडू ठेवायचा असेल तर ती ओलांडता येते, पण एका रेषेपुढे जबर टॅक्स लागतो. एका स्टारला जास्तीत जास्त किती द्यायचं तेही ठरलेलं, अनुभवानुसार कॅपच्या २५ ते ३५ टक्के. आणि नव्या पोरांचा पगार? १९९४ ला पहिल्या नंबरवर निवडलेल्या ग्लेन रॉबिन्सनने १० वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळवला. मालक मंडळी हादरली आणि १९९५ पासून पहिल्या फेरीतल्या नव्या खेळाडूंचं पगारपत्रकच लागू झालं.

आता बघा काय होतं. २०२३ ला पहिल्या नंबरवर सॅन अँटोनियोने व्हिक्टर वेम्बन्यामाला घेतलं. पहिल्या वर्षी पगार साधारण १ कोटी २० लाख डॉलर. त्याच सीझनला स्टीफन करीचा पगार ५ कोटी १९ लाख. म्हणजे एक नंबरचा माल, भाव बांधलेला, आणि टीमची इच्छा असेल तर चार वर्षं पत्रकातलाच दर. खर्चाला मर्यादा असलेल्या धंद्यात यापेक्षा स्वस्त खरेदी नाही. ती खरेदी फक्त हरणाऱ्याच्या रांगेत मिळते. मग लोक हरायला लागले, यात नवल काय? याला टँकिंग म्हणतात.

यात खेळाडू मुद्दाम बॉल सोडत नाहीत हं. प्रत्येकजण पुढच्या करारासाठी जीव तोडून खेळतो. हरतं ते ऑफिस. चांगले खेळाडू विकायचे, ठणठणीत माणसाला बसवून ठेवायचं. मार्च २०२१ मध्ये ओक्लाहोमाने अल हॉरफोर्डला, काहीही दुखत नसताना, उरलेला सीझन खेळवणार नाही असं जाहीरच केलं. पगार चालू! बरं, पगार वाचवायचाही मार्ग मोकळा नाही, कारण कॅपच्या ९० टक्के खर्चाची खालची मर्यादाही आहे. मग हरणाऱ्या टीम दुसऱ्याचे महागडे करार स्वतःकडे घेतात आणि त्याच्या बदल्यात ड्राफ्टचे हक्क मागतात. हॉरफोर्ड ओक्लाहोमाकडे तसाच आला होता. रिकामं गोडाऊन भाड्याने देण्यासारखंच आहे हे.

लीगने काय केलं? आधी दोन्ही कॉन्फरन्समधल्या तळाच्या टीममध्ये नाणेफेक व्हायची. १९८४ ला ह्यूस्टनवर मुद्दाम हरल्याचा संशय आला, म्हणून १९८५ ला लॉटरी आली. पुढे १९९३ ला ऑर्लँडोने ६६ पैकी एकाच चिठ्ठीवर पहिला नंबर मारला, तेव्हा ओरड झाली आणि तळाच्या टीमची शक्यता २५ टक्के केली. त्यावर फिलाडेल्फियाने धंदाच मांडला. तीन सीझनमध्ये १९, १८ आणि १० विजय. मॅनेजर सॅम हिंकीला २०१६ ला जावं लागलं. हाती जोएल एम्बीड आला, २०१८ ते २०२४ सलग सात वेळा प्लेऑफ झाले, पण दुसऱ्या फेरीपुढे एकदाही नाही.

२०१९ ला तळाच्या तिघांची शक्यता सारखीच १४ टक्के केली. मग डेट्रॉइटचं बघा. २०२३ ला सगळ्यात शेवटी, निवड पाचवी. २०२४ ला सलग २८ मॅच हरून पुन्हा शेवटी, पुन्हा पाचवी. पुढच्या सीझनला कोच बदलला, चार अनुभवी माणसं आणली आणि १४ विजयांचे ४४ झाले. ओक्लाहोमा मात्र २०२५ ला चॅम्पियन झाली, तेही सांगायला हवं. पण त्यांचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर लॉटरीतून नाही, २०१९ च्या एका सौद्यातून आला होता.

वरचा नंबर मिळाला म्हणजे पारखही मिळते असं नाही. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. २०१८ ला त्यांच्या टीमकडे दुसरा नंबर होता. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं आणि लुका डॉन्चिच तिसऱ्याला गेला.

दंडाचं सांगतो. २०२३ ला डॅलसची निवड पहिल्या दहात आली नाही तर जुन्या सौद्यानुसार न्यूयॉर्कला जाणार होती. पुढे जायची संधी शिल्लक असताना त्यांनी मुख्य खेळाडू बसवले, हरले. दंड साडेसात लाख डॉलर. निवड दहावी आली, तिच्या सौद्यातून डेरेक लाइव्हली मिळाला आणि पुढच्याच वर्षी टीम फायनलला. असा दंड म्हणजे नुसतं बिल, भरायचं आणि पुढे जायचं.

हे सगळं मला का भिडलं? माझं इलेक्ट्रिकलचं दुकान. काउंटरवरच्या पोराला मी नियम दिला होता, मागच्या महिन्याच्या विक्रीपेक्षा दहा टक्के जास्त केली की बोनस. मे महिन्यात पंखे तुफान गेले, त्याला बोनस मिळाला. जूनमध्ये जमणार नाही हे त्याला दहा तारखेलाच कळलं. मग वायरच्या बंडलाला आलेल्या गिऱ्हाइकाला तो सांगायला लागला, "माल पुढच्या महिन्यात येईल, दादा." जून जितका पडेल तितकं जुलैचं टार्गेट सोपं! माल मागे रॅकवर होता. समोरच्या दुकानातून बंडलं घेऊन निघालेला एक वायरमन भेटला तेव्हा मला कळलं.

पोरावर आधी खूप चिडलो. मग भिंतीवर चिकटवलेला, मीच टाइप केलेला तो कागद वाचला. आता टार्गेट तीन महिन्यांच्या सरासरीवर ठेवलंय, आणि गिऱ्हाइक रिकाम्या हाताने गेलं तर वहीत कारण लिहायचं. तिमाही संपत आली की मी स्वतः मागचा रॅक मोजतो.