आज्ञेची भाषा : कमांड लाइनचे प्राथमिक शिक्षण आणि मराठी अभ्यासक

संगणक ही वस्तू आता विद्यापीठाच्या कोणत्याही विभागास अपरिचित राहिलेली नाही. तथापि ज्या विद्यार्थ्याने संगणक केवळ चित्रे, खिडक्या आणि माऊस यांच्या रूपानेच पाहिला आहे, त्याच्यापुढे काळा पडदा व त्यावर लुकलुकणारी एक उभी रेघ एवढेच ठेवले तर तो बहुधा गोंधळून जातो. या पडद्यावर कोठे बोट ठेवावे ते दिसत नाही. काय मागता येईल याची यादीही समोर नसते. आज्ञा आपणच आठवावयाची, लिहावयाची आणि तिचा परिणाम भोगावयाचा. ही कमांड लाइन म्हणजे जुन्या काळचा एक अवशेष होय, ती शिकण्याचे आता प्रयोजन नाही, असा समज पदव्युत्तर वर्गातही आढळतो. तो कितपत खरा आहे हे पाहण्यास फार दूर जावयास नको. छत्रपती संभाजीनगरहून सुमारे २३५ किलोमीटरवर, पुण्याच्या आयसर संस्थेत, २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक २०१९ मध्ये बसविण्यात आला. रसायन, जीवशास्त्र किंवा भाषाविज्ञान यांतील मोठी आकडेमोड अशा यंत्राकडे सोपवावयाची असेल, तर त्याच्या दारात उभे राहून आज्ञेच्या भाषेतच बोलावे लागते. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तीतील एकूण एक यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्स या कार्यप्रणालीवर चालत आहेत. ज्यास ही भाषा येत नाही, त्याचे संशोधन त्याच्या टेबलावरील यंत्राच्या आवाक्याएवढेच राहते.

या भाषेचे मूळ १९६९ मध्ये सापडते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा आरंभ केला. त्या काळी यंत्राशी बोलण्याचे साधन म्हणजे टेलिटाइप. हे टंकयंत्र सेकंदास जेमतेम दहा अक्षरे कागदावर छापीत असे. एवढ्या मंद गतीत लांब शब्द कोणास परवडणार? म्हणून ‘लिस्ट’चे ‘एलएस’ झाले, ‘कॉपी’चे ‘सीपी’ झाले, ‘रिमूव्ह’चे ‘आरएम’ झाले. नवशिक्यास हे आखूड शब्द गूढ मंत्रांसारखे भासतात. पण त्यांच्यामागे गूढ असे काही नाही, केवळ काटकसर आहे. पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या संयोगातून जे निष्पन्न झाले तेच आज ‘लिनक्स’ या सुटसुटीत नावाने ओळखले जाते.

आज्ञा लिहिली असता ती प्रथम ‘शेल’ नावाच्या दुभाष्याकडे जाते. हा दुभाषी ओळीचे तुकडे करतो. पहिला तुकडा आज्ञेचे नाव, उरलेले तुकडे त्या आज्ञेस द्यावयाची सामग्री. तुकडे कोठे पाडावयाचे हे त्यास रिकाम्या जागेवरून कळते. नवशिक्याच्या निम्म्या अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात. ‘प्रकरण दोन’ असे दोन शब्दांचे नाव असलेली फाइल मागितली की शेल ‘प्रकरण’ आणि ‘दोन’ अशी दोन नावे आज्ञेस देतो व ती आज्ञा दोन्ही फाइली नसल्याची तक्रार करते. नावाभोवती अवतरणचिन्हे घातली की काम भागते. दुसरी अडचण खास आपल्याकडील आहे. रोमन लिपीत लहान व मोठी अशी दोन वळणे असतात आणि लिनक्स त्यांस भिन्न अक्षरे मानते. देवनागरीत हा भेदच नसल्यामुळे मराठी विद्यार्थ्याची नजर त्यावरून घसरते. मोठ्या ‘डी’ने आरंभ होणारी ‘डेटा’ आणि लहान ‘डी’ची ‘डेटा’ या एकाच डिरेक्टरीत शेजारी शेजारी नांदू शकतात. एकीत ठेवलेले काम दुसरीत शोधत बसण्यात मग पुष्कळ वेळ जातो.

आरंभीच्या आज्ञा तीनच. आपण कोठे आहोत हे ‘पीडब्ल्यूडी’ सांगते. (महाराष्ट्रात ही तीन अक्षरे ऐकताच सार्वजनिक बांधकाम खाते आठवते. येथे मात्र तिचा अर्थ ‘चालू डिरेक्टरीचे नाव छाप’ एवढाच.) येथे काय काय आहे हे ‘एलएस’ दाखविते आणि ‘सीडी’ने दुसरीकडे जाता येते. फाइलींची रचना एका उलट्या वृक्षासारखी असते. मूळ वर, फांद्या खाली. मुळाची खूण एक तिरकी रेघ. चित्रमय पद्धतीत ‘आपण कोठे आहोत’ हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण खिडकीच डोळ्यांसमोर असते. कमांड लाइनवर तो प्रत्येक ओळीत पडतो. या एका प्रश्नाची सवय लागली की बाकीचे शिक्षण झपाट्याने होते.

युनिक्सची आणखी एक रीत नवशिक्यास खटकते. काम यशस्वी झाले तर आज्ञा बहुधा काहीच बोलत नाही. फाइलीची प्रत झाली, नाव बदलले, वस्तू पुसली गेली, तरी पडद्यावर एक शब्द उमटत नाही. ‘काहीच झाले नाही’ असे समजून विद्यार्थी तीच आज्ञा पुन्हा देतो. येथे मौन म्हणजे संमती, हे ध्यानी यावयास काही दिवस लागतात, आणि त्या काही दिवसांतच मोठे नुकसान संभवते. कमांड लाइनवर ‘आरएम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती गेली ती गेली.

एक उदाहरण सविस्तर पाहणे इष्ट होय. प्रबंधाच्या डिरेक्टरीत प्रकरणे, सारण्या व संदर्भसूची यांच्या फाइली आहेत, शिवाय ‘.बॅक’ या शेपटीच्या काही जुन्या, निरुपयोगी प्रतीही साचल्या आहेत. त्या काढण्यासाठी ‘आरएम’ लिहून पुढे तारका आणि तिला लागूनच ‘.बॅक’ असे लिहावयाचे. तारकेचा अर्थ ‘येथे काहीही असो’. आता घाईत तारका व टिंब यांच्यामध्ये एक रिकामी जागा पडली असे समजा. शेल ओळीचे तुकडे पाडतो : ‘आरएम’, मग सुटी तारका, मग ‘.बॅक’. सुट्या तारकेच्या जागी तो डिरेक्टरीतील सर्व नावे भरतो. हे भरण्याचे काम शेल करतो, ‘आरएम’ नव्हे. ‘आरएम’च्या हाती नुसती नावांची यादी पडते आणि ती यादी तारकेतून आली की हाताने लिहिली होती, हे तिला कळावयास मार्ग नसतो. ती निमूटपणे प्रत्येक फाइल पुसते आणि शेवटी ‘.बॅक नावाची फाइल नाही’ एवढी एकच तक्रार नोंदविते. चार वर्षांचा प्रबंध नाहीसा होतो तेव्हा पडद्यावर जे एकमेव वाक्य उमटते, ते अस्तित्वातच नसलेल्या एका फाइलीविषयी असते. यावर उपाय सोपा आहे. ‘आरएम’ लिहिण्यापूर्वी त्याच ओळीत तिच्या जागी ‘इको’ लिहावे. ‘इको’ काही पुसत नाही; तारकेतून कोणकोणती नावे निघतात ती केवळ वाचून दाखविते. यादी अपेक्षेप्रमाणे असेल तरच पुढचे पाऊल टाकावे. प्रबंधाची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर असावी, हे निराळे सांगावयास नकोच.

एवढी जोखीम पत्करून मिळते काय? याचे उत्तर ‘पाइप’ या योजनेत आहे. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये ही योजना युनिक्समध्ये आली. एका आज्ञेतून निघालेला मजकूर एका उभ्या रेघेच्या खुणेने थेट दुसऱ्या आज्ञेत सोडावयाचा, एवढीच तिची कल्पना. एखाद्या ग्रंथातील शब्दांची वारंवारता काढावयाची झाल्यास ‘टीआर’ प्रत्येक रिकाम्या जागेवर ओळ तोडते व एका ओळीत एक शब्द उरतो; ‘सॉर्ट’ सारखे शब्द एकत्र आणते; ‘युनिक’ त्यांची मोजदाद करते; दुसरी ‘सॉर्ट’ संख्येनुसार उतरता क्रम लावते; ‘हेड’ पहिले दहा दाखविते. ‘युनिक’ केवळ लगतच्या ओळींचीच तुलना करीत असल्यामुळे तिच्याआधी ‘सॉर्ट’ अटळ आहे. नवशिक्या ती गाळतो आणि एकच शब्द यादीत पाच ठिकाणी पाहून चकित होतो. याच प्रश्नावर १९८६ मध्ये एक संस्मरणीय प्रसंग घडला. डोनाल्ड कनूथ यांनी वारंवारतेसाठी एक विस्तृत, नमुनेदार प्रोग्रॅम लिहून प्रसिद्ध केला. त्याचे परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी पाइपने जोडलेल्या सहा आज्ञांत तेच काम करून दाखविले. कनूथ यांच्या प्रोग्रॅमची योग्यता त्याने कमी होत नाही, पण ज्यास उत्तर दुपारपर्यंत हवे आहे त्याने कोणता मार्ग धरावा, याविषयी दुमत होऊ नये.

मराठीच्या अभ्यासकास मात्र येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण या आज्ञा रोमन लिपीच्या संस्कारात वाढल्या आहेत. ‘मराठी’ हा शब्द घ्यावा. वाचकाच्या दृष्टीने त्यात तीन अक्षरे आहेत. युनिकोडच्या दृष्टीने चिन्हे पाच : म, र, आकाराचा काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून बाइट पंधरा. ‘डब्ल्यूसी’ ही मोजणीची आज्ञा लहान ‘सी’ जोडल्यास बाइट मोजते व ‘एम’ जोडल्यास चिन्हे मोजते. ओळ तोडण्याचे एक अदृश्य चिन्ह दोहोंत मिळविले जाते. तीन ही संख्या ती कोणत्याही मार्गाने देत नाही. छंदःशास्त्राच्या अभ्यासकाने ओवीच्या चरणांतील अक्षरे या आज्ञेने मोजली, तर त्याचे सर्व निष्कर्ष चुकतील, आणि यंत्र चुकल्याची कोणतीही खूण देणार नाही.

याहून घातक असा प्रकार दंडाचा. जुन्या पोथ्यांच्या मुद्रित पाठात चरणान्ती दंड असतात. ते काढून टाकण्यास ‘टीआर’ वापरावी असे सहज सुचते. परंतु जीएनयू संचातील ‘टीआर’ दीर्घकाळ बाइट हेच एकक मानीत आली आहे. दंडाचे तीन बाइट तिला तीन स्वतंत्र वस्तू वाटतात व ती त्या तिन्ही मजकुरातून सर्वत्र काढून टाकते. यांतील पहिला बाइट तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या आरंभी येतो! परिणामी दंडाबरोबर सारा ग्रंथच वाचनापलीकडे जातो. हे काम ‘सेड’ या आज्ञेने निर्वेध होते, कारण ती तिन्ही बाइट सलग आले तरच त्यांस हात लावते. क्रमवारीतही असाच एक पेच आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच, म्हणजे ‘व’च्या आधी येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. म्हणून निव्वळ बाइटांनुसार लावलेल्या यादीत ‘काळा’ हा शब्द ‘कावळा’ या शब्दाच्या आधी लागतो. शब्दकोशाचे काम करणाराने आपल्या यंत्रावर कोणत्या भाषेचे नियम लागू आहेत हे प्रथम पाहावे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या मजकुराची तर कथाच वेगळी : पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हे असतात, आणि ‘ग्रेप’ने मराठी शब्द शोधला असता तो सापडत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतला पाहिजे.

शिकण्याची साधने दुर्मीळ नाहीत. ‘मॅन’ या आज्ञेने प्रत्येक आज्ञेची माहिती यंत्रावरच मिळते. या माहितीची परंपरा नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेपासूनची आहे. मात्र तिची भाषा जाणत्यासाठी आहे. नवशिक्याने तिच्या तळाशी कधीकधी दिलेली उदाहरणे आधी वाचावी. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे युनिक्स शेलवरील इंग्रजी पुस्तक विद्यार्थ्यांस परिचित आहे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सवरील छोटे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले आहेत. त्यांत पडद्यावरील आज्ञा मूळ रूपात राहतात व स्पष्टीकरण मराठीत ऐकू येते. ही विभागणी योग्यच म्हटली पाहिजे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ज्यावर काम केले ती ‘बॉस’ ही लिनक्सची भारतीय आवृत्ती सरावास चालेल. दुसरी कोणतीही चालेल.

पुरेसा सराव झाल्यावर पुण्याच्या यंत्राकडे वळावे. ‘एसएसएच’ या आज्ञेने तेथे प्रवेश मिळतो. परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्याने बिचकू नये. प्रवेश होतो तो दाराजवळच्या यंत्रावर. तेथे मोठी आकडेमोड करावयाची नसते, कारण ते यंत्र सर्वांचे सामाईक असते. आपले काम एका फाइलीत आज्ञांच्या रूपाने लिहावे, किती वेळ व किती प्रोसेसर लागतील ते तीत नमूद करावे आणि ती रांगेत लावावी. रांगेत आपला क्रमांक कोठे आहे हे पाहून ‘एक्झिट’ लिहावे. संपर्क तुटतो, विद्यार्थी घरी जातो, आणि त्याची पाळी आली की काम त्याच्या गैरहजेरीत सुरू होते.