उतरत्या जाडीच्या भिंतफळ्या व लाकडी कौलें

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील मेन, व्हर्मांट वगैरे प्रांतांत पुष्कळ शेतकऱ्यांजवळ पिकाऊ जमिनीस लागून थोडेंबहुत रानही असतें. तेथील घरांच्या व गोठ्यांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर आडव्या फळ्या मारून केलेल्या असतात. या फळ्या पेटीच्या फळीप्रमाणें सर्वत्र सारख्या जाडीच्या नसतात. त्यांची खालची कड जाड व वरची पातळ असून, वरच्या फळीची जाड कड खालच्या फळीच्या पातळ कडेवर इंचभर चढविलेली असते. त्यामुळें पावसाचें व वितळत्या बर्फाचें पाणी सांध्यांत न शिरतां भिंतीवरून ओघळून जातें. घरच्या रानांतील ओंडका लहानशा आरागिरणीवर घालून अशा फळ्या व त्याच घडणीचीं लाकडी कौलें कशीं काढतात, हें वाचकांस कळवावें असा आमचा हेतु आहे. काम दिसण्यांत सोपें आहे. पण त्यांत हिशेबाची एक मेख आहे, व ती न कळली तर चांगला ओंडका वायां जातो.

पूर्वीं या फळ्या करवतीनें कापीतच नसत. ओंडक्याचा तुकडा उभा करून त्याच्या तोंडावर लोखंडी पातें ठेवीत व मोगरीनें ठोकून गाभ्यापासून सालीकडे चिरफळ्या काढीत. कलिंगडाची फोड जशी आंतून निमुळती व बाहेरून रुंद, तशी प्रत्येक चिरफळी आपोआप उतरत्या जाडीची निघे. एकोणिसाव्या शतकांत तेथें यंत्रें झालीं, त्यांतही ओंडका दोन्ही टोकांस खिळीवर धरून प्रत्येक कापानंतर थोडा थोडा फिरवीत, म्हणजे जुनी फोडीची रीतच कायम राहिली. या रीतीचा मोठा गुण असा, कीं झाडाचीं वार्षिक वलयें फळीच्या तोंडाशीं काटकोनांत येतात, आणि अशी फळी उन्हापावसांत फारशी वाकत नाहीं.

हल्लीं शेतकऱ्यांच्या उपयोगाची जी फिरती आरागिरणी मिळते तिच्यांत पट्टाकरवत असते. पोलादाची पातळ पट्टी टोकें जोडून वाटोळी केलेली असते. तिच्या एका कडेस दांते असतात व ती दोन चाकांवरून फिरते. ओंडका पलंगावर जखडलेला राहतो आणि करवतीचा गाडा रुळांवरून ओंडक्याच्या लांबीनें चालत जातो. काप सदैव पलंगास समांतर पडतो. मग निमुळती फळी निघावी कशी? गाडा तिरपा होत नाहीं, म्हणून ओंडका तिरपा करावयाचा.

समजा, ६ इंच रुंद व १२ इंच उंच असा ओंडका चौरस करून पलंगावर ठेविला आहे. फळीची जाड कड ४ सूत व पातळ कड १ सूत हवी. सुताराच्या मापानें १ इंचाचे ८ सूत. दोन कडांतील फरक ३ सूत, म्हणून ३ सूत जाडीच्या पट्ट्या ओंडक्याच्या एका बाजूखालीं, पलंगाच्या प्रत्येक आडव्या दांडीवर, घालाव्या. ती बाजू उचलली गेली, कीं समांतर कापानें उचललेल्या बाजूस ४ सूत व दुसऱ्या बाजूस १ सूत अशी फळी निघते. नंतर पट्ट्या काढून ओंडका सपाट बसवावा. आतां त्याचा माथाच उतरता झालेला असतो. म्हणून पुढच्या कापास जाड कड उलट बाजूस येते व माथा पुन्हां सपाट होतो. याप्रमाणें एक काप पट्टीवर व एक पट्टीवांचून, असें करीत जावें.

मेख आहे ती गाडा उतरविण्यांत. करवतीच्या वाटेचा भुसा पाऊण सूत धरूं. पट्ट्या काढल्यावर गाडा ४ सूत अधिक पाऊण, म्हणजे पावणेपांच सूत उतरवावा. पट्ट्या पुन्हां घातल्यावर १ सूत अधिक पाऊण, म्हणजे पावणेदोन सूतच उतरवावा. दोन्ही मिळून साडेसहा सूत होतात, म्हणून नवशिका मनुष्य प्रत्येक वेळीं सव्वातीन सूत उतरवून मोकळा होतो. असें केलें, कीं एका फळीची जाड कड अडीच सूत भरते व पातळ कड मुळीं राहतच नाहीं, आणि पुढची फळी साडेपांच सुतांची होते. दर दोन कापांनंतर ओंडक्याची पलंगापासूनची उंची दोन्ही कडांस मोजावी. ती सारखी असली म्हणजे ताळा मिळाला. आमचा जन्म ताळे मिळविण्यांत गेला, तेव्हां वाचक या आग्रहाची क्षमा करतील.

बारा इंचांचे ९६ सूत. तळचे ५ सूत सोडले तर साडेसहा सुतांच्या १४ जोड्या, म्हणजे २८ फळ्या मिळतात. त्याच लाकडांत सारख्या ४ सूत जाडीच्या फळ्या काढल्यास १९ च भरतील. पाव इंच वाट खाणाऱ्या गोल करवतीनें उतरत्या फळ्या काढल्यास २० निघतात. बाकीचें लाकूड भुशांत जातें.

ओंडका पलंगावर ठेवितांना त्याच्या तोंडाकडे पाहावें व वलयांच्या रेषा उभ्या दिसतील असा तो बसवावा. जाड झाड असल्यास आधीं मधोमध चिरून घ्यावें. सालीलगतचें पांढरें लाकूड लवकर कुजतें, तें बाहेरच्या भिंतीस घेऊं नये.

लाकडी कौलांची रीत हीच, मात्र उतार रुंदीवर नसून लांबीवर, म्हणजे लाकडाच्या रेषेच्या दिशेनें असतो. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील रेड सीडर या झाडाचीं कौलें प्रसिद्ध आहेत. तेथील १६ इंची कौलांच्या पांच जाड कडा एकावर एक ठेविल्या तर २ इंच भरतात. गांठ नसलेले १६ इंचांचे ठोकळे पलंगावर आडवे, एकमेकांस लागून जखडतात व वर सांगितल्याप्रमाणें आळीपाळीनें एक टोंक उचलून कापतात. छपरावर प्रत्येक कौलाचे ५ इंचच उघडे ठेवितात, त्यामुळें कोठेंही तीन थर येतात. उतार ३ फुटांस १ फुटाहून कमी असला, तर उघडा भागही कमी करावा लागतो. शेजारच्या दोन कौलांत पाव इंच फट ठेवितात, कारण भिजल्यावर लाकूड फुगतें. व लागोपाठच्या दोन ओळींच्या फटी निदान दीड इंच सरकवून घेतात.

आपल्या मुलखांत वाळवी व मुसळधार पाऊस पाहतां छपरास भाजलेलें कौलच बरें, असें आमचें मत आहे. भिंतीच्या फळ्यांचा प्रयोग एखाद्या गोठ्याच्या वरच्या अंगास करून पाहण्यास हरकत नाहीं. परंतु महाराष्ट्रांत आरागिरणी बसविण्यास वनखात्याचा परवाना लागतो, तेव्हां परवाना असलेल्या गिरणीवर ओंडका नेऊन, मालकास वरील दोन आंकडे कागदावर लिहून द्यावे. फळ्या मध्यें काड्या घालून सावलींत वाळवाव्या. ठोकतांना प्रत्येक खांबावर एकच खिळा, तोही खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या किंचित् वर मारावा. दोन्ही फळ्यांतून एकच खिळा गेला, तर आकसतांना फळी मधोमध तडकते.