लाडक्या कुत्र्याचं चित्र काढून घ्यायचंय? ऑर्डर देण्याआधी हे समजून घ्या

भोंग्यासमोर कान देऊन बसलेला पांढरा कुत्रा तुम्ही पाहिलाच असेल. जुन्या तबकड्यांवरचा हा एचएमव्हीचा कुत्रा खराखुरा होता. त्याचं नाव निपर. १८९५ मध्ये तो गेला. त्यानंतर त्याला सांभाळणारे चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड यांनी त्याचं चित्र काढलं. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते १०० पौंडांना घेतलं. त्यातले ५० चित्राचे होते आणि ५० कॉपीराइटचे.

कुत्र्याचं चित्र मुद्दाम काढून घेण्याची हौस तर त्याहून जुनी आहे. १८३६ मध्ये राजकन्या व्हिक्टोरियाच्या वाढदिवसासाठी तिच्या आईने एडविन लँडसियर यांच्याकडून तिच्या लाडक्या डॅशचं चित्र करून घेतलं होतं. आपल्याकडे घरोघरी फ्रेममध्ये कुत्रे दिसतात ते दत्ताच्या पायाशी नाहीतर खंडोबाच्या घोड्याजवळ. पण आता परभणीत बसून मुंबई-पुण्यातल्या चित्रकाराला फोटो पाठवला तरी घरच्या कुत्र्याचं चित्र कुरिअरने येतं.

अडचण कुठे येते?

बॅरॉड निपरसोबत राहिले होते. तुमच्या चित्रकाराने तुमचा कुत्रा बहुतेक वेळा पाहिलेलाही नसतो. त्याच्या हातात फक्त फोटो असतो. कुत्रा आता हयात नसेल, तर नवा फोटोही काढता येत नाही. मग रंग बरोबर, कान बरोबर, तरी घरचे म्हणतात, 'हा आपला वाटत नाही.'

फोटो कसा हवा?

- माणूस उभा राहून फोटो काढतो, त्यामुळे कुत्र्याचं डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा.
- फोन तोंडाजवळ नेला की नाक फुगतं. दोन पावलं मागे जा आणि झूम करा.
- फ्लॅश नको. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि खरा रंग कळत नाही. खिडकीचा उजेड उत्तम.
- व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातले बारकावे कमी होतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एकच फोटो न देता चार-पाच द्या. सोबत सवयीही लिहा: एक कान कायम पडलेला, मान तिरकी करून बघणं, गळ्यातला जुना पट्टा. कोणत्या वयातला कुत्रा हवा, हे आधी घरात ठरवा. मुलांना बहुतेकदा खेळणारा आठवतो, आजीला तिच्या पायाशी झोपणारा म्हातारा.

कोणता रंग निवडायचा?

पेन्सिल आणि जलरंगाचं काम कागदावर होतं, त्याला काच लागते. अ‍ॅक्रिलिक काही मिनिटांत वाळतं. तैलरंग वरून वाळायलाच काही दिवस लागतात, त्यामुळे वाढदिवस आठवड्यावर असताना तैलचित्राचा हट्ट धरू नका. परभणीचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर चित्र लावलं तर रंग, विशेषतः जलरंग, फिके पडतात.

चित्र कुणाचं?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे चित्रकार असतो. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे चित्रकाराला त्याचे मग किंवा टी-शर्ट छापून विकायचे असतील, तर तुमची परवानगी लागेल. मात्र चित्रकाराच्या अटींमध्ये याच्या उलट लिहिलेलं असू शकतं. अ‍ॅडव्हान्स देण्याआधी त्या वाचा. आणि कॉपीराइट तुमच्याकडे असला, तरी चित्रावरचं चित्रकाराचं नाव पुसता येत नाही. ते श्रेय त्याचंच.

ठरवताना काय विचारायचं?

कच्चं रेखाटन दाखवणार का, किती दुरुस्त्या करणार, फ्रेम आणि कुरिअरचा खर्च किमतीत धरलाय का, वाटेत काच फुटली तर काय. हे सगळं मेसेजमध्ये लेखी घ्या. रेखाटन आलं की सगळ्यात आधी डोळे बघा. काही चुकलं असेल तर त्याच वेळी सांगा, कारण रंग चढल्यावर ते बदलणं अवघड असतं.

कुत्रा साधारण १० ते १३ वर्षं जगतो. चित्र पुढे कधीही काढून घ्या, पण त्याच्यासमोर खाली बसून चार चांगले फोटो आजच काढून ठेवा.