कानात गाणे, पायाखाली रस्ता

पोलीस भरतीची चाहूल लागली की छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) नागसेनवन आणि विद्यापीठ परिसराच्या रस्त्यांवर पहाटे मुले-मुली धावू लागतात. त्यांत आपल्या वस्त्यांतली पुष्कळ. पायात मिळेल तो बूट आणि कानात इयरफोन. कुणी सिनेमाची गाणी ऐकतो, कुणी भीमगीते. यात गैर काही नाही. आपल्या आयाबायांनी जात्यावर ओव्या गातच दळण दळले. तालावर श्रम हलके वाटतात, हे आज संशोधकही सांगतात.

पण समाजातील तरुणांना आम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली मैदानाची. १९७९ मध्ये वॉकमन आला, २००१ मध्ये आयपॉड आला आणि गाणे खेळाडूच्या कानात जाऊन बसले. तरीही आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्सच्या नियमांनुसार स्पर्धा सुरू असताना मैदानात रेडिओ, मोबाईल, गाणी वाजवणारे यंत्र वापरता येत नाही. ती बाहेरची मदत ठरते. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. तिथे गाणे सोबतीला असेल, असे धरून सराव करू नका. सोबत असतो तो फक्त स्वतःचा श्वास. तो ओळखायचा सराव आजच केला पाहिजे. श्वासाकडे आणि चालण्याकडे जागेपणी लक्ष ठेवायला तथागतांनी शिकवले, ते उगीच नव्हे.

दुसरी गोष्ट रस्त्याची, आणि ती आम्ही वकील म्हणून सांगतो. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न बंद कानांना ऐकू येत नाही. अपघात झाला तर मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नुकसानभरपाईचा दावा करता येतो. परंतु जखमीचाही दोष होता असे सिद्ध झाले, तर त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. कानातला इयरफोन हा विमा कंपनीच्या वकिलाच्या हाती आयता मुद्दा ठरू शकतो. घरातला कमावता होऊ पाहणारा पोरगा अंथरुणाला खिळला आणि वर भरपाईही घटली, तर त्या आईने कुणाच्या दारात जायचे?

मग दोष केवळ पोरांचा काय? मुळीच नाही! हक्काचे मैदान असते तर ही पोरे ट्रकच्या चाकांशेजारी कशाला धावली असती? सरकारी आणि संस्थांची मैदाने पहाटे दोन तास सर्वांना खुली करा, तिथे दिवे लावा, अशी मागणी महापालिकेकडे एकजुटीने केली पाहिजे. जयंतीला डीजेवर पैसा उधळून कान बधिर करणाऱ्या मंडळांनी यंदा त्यातला थोडा पैसा पोरांच्या बुटांवर खर्च करावा, निवेदन घेऊन आयुक्तांकडे जावे.

तोवर तरुणांनो, गाणे धावण्याआधी ऐका, धावून झाल्यावर ऐका. रस्त्यावर मात्र कान उघडे ठेवा आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा. जयभीम!