जव काटक आहे, पण जादूगार नाही

जव कुठेही येतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. लडाखच्या कडाक्याच्या थंडीत जव हे गावोगावचं मुख्य पीक आहे. राजस्थानातल्या हलक्या, रेताड जमिनीत तो दोन-तीन पाण्यांवर निघतो, आणि जमिनीतला खारटपणा गव्हापेक्षा जास्त सोसतो. पण रानात पाणी साचलं की हाच जव पिवळा पडून बसतो. आम्लधर्मी जमिनीत त्याची मुळं खुंटतात. तेव्हा काटक पीक आहे म्हणून चिबड रानात जव टाकू नये.

त्याहून महागात पडणारा गैरसमज ट्रेमध्ये जवाला मोड आणून वाढवलेल्या चाऱ्याचा. 'एक किलो जव द्या, आठ दिवसांत सहा किलो हिरवा चारा घ्या!' वजन खोटं नसतं. ट्रे उचलला की खाली मुळांची पांढरी जाड चटई आणि वर वीतभर हिरवी पात दिसते. पण एक किलो दाण्यात कोरडा भाग सुमारे 900 ग्रॅम असतो. सहा किलो चाऱ्यात तो 13-14 टक्के धरला, तर 800 ग्रॅमच्या आसपास भरतो. उरलेलं सगळं पाणी. मोड वाढताना दाण्यातला पिष्टमय भाग श्वसनात खर्च होतो आणि कोवळी पात एवढ्या दिवसांत ती तूट भरून काढू शकत नाही. चारा लुसलुशीत होतो, जनावरं आवडीने खातात, कॅरोटीनही वाढतं. मात्र त्याच्या भरवशावर कडबा आणि पेंड तोडली, तर गाय अर्धपोटी राहते आणि दूध घटतं. दमट हवेत ट्रेला बुरशी लागली, तर तो चारा फेकूनच द्यावा. बुरशीच्या विषाने जनावरं दगावल्याच्या नोंदी आहेत.

माणसांसाठी जवाच्या पातीचा रस विकताना 'हरितद्रव्याचं रक्त होतं' असं सांगतात. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, हिमोग्लोबिनमध्ये लोह. शरीर एकाचं दुसरं करत नाही. ॲनिमियावर रस पीत बसण्यापेक्षा रक्त तपासून उपचार घ्यावेत. कोलेस्टेरॉल उतरवणारं बीटा-ग्लुकन मुख्यतः दाण्यात असतं, आणि तेही रोज सुमारे 3 ग्रॅम पोटात गेलं तरच गुण येतो. त्यासाठी जवाची भाकरी किंवा पेज बरी.

निव्वळ पातीत ग्लूटेन नसतं, दाण्यात असतं आणि मोड आल्यावरही उरतं. पात कापताना एखादा दाणा आला, तरी सिलिअॅकच्या (ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराच्या) रुग्णाला त्रास होऊ शकतो. पातीत के जीवनसत्त्व भरपूर असल्याने वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.